खडीखालचं पाणी

डांबराच्या लेपाचा पाच गॅलनचा डबा घेऊन मी पहिल्यांदा शिडी चढलो, तेव्हा खाली शिडी धरून उभा असलेला माझा भागीदार म्हणाला, "अरे, माणूस बोलवू या का?" मी वरूनच ओरडलो, "कशाला? सपाट छप्पर तर आहे. आमच्याकडे गवंडी करतो हे." त्या एका वाक्याची किंमत पुढची चार वर्षं फेडत होतो. मी फेडली ती पैशांत. शिवणवाल्या काकूंनी फेडली ती वेगळीच, आणि त्यांनी तर ते वाक्य उच्चारलंही नव्हतं.

आम्ही चौघे मित्र. तिघे सॉफ्टवेअरमधले. मी एकटा सिव्हिलचा, तोही डिप्लोमा करून सांगलीत चार वर्षं साइटवर उन्हात उभा राहिलेला. अमेरिकेत आल्यावर मीही कॉम्प्युटरच्याच धंद्यात शिरलो, पण मित्रमंडळीत माझी ओळख 'आपला इंजिनिअर' हीच राहिली. कुणाचा नळ गळला, कुणाच्या तळघरात ओल आली, की मला फोन. हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं.

२०१३ च्या वसंतात आम्ही न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत सहा गाळ्यांची एक बैठी दुकानांची रांग विकत घेतली. आदल्या ऑक्टोबरात सँडी वादळ येऊन गेलं होतं, जुना मालक कंटाळला होता, भाव उतरला होता. रांगेत एक किराणा, एक पिझ्झावाला, एक दंतवैद्य, एक टॅक्सचे कागद भरून देणारा, एक नखं रंगवायचं सलून, आणि पूर्वेच्या टोकाच्या गाळ्यात शिवणवाल्या काकू. काकू मूळच्या संगमनेरच्या. ब्लाउज, फॉल-बीडिंग, पिको, आणि अमेरिकन गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करणं, हे त्यांचं काम. इमारत १९७३ ची.

खरेदीआधी तपासणीला आलेल्या माणसाने स्वच्छ सांगितलं होतं, "छपरावर खडी आहे. खडीखाली काय आहे ते मला दिसत नाही. दोन-तीन ठिकाणी कापून बघा." दीडशे-दोनशे डॉलरचा प्रश्न होता. मी शिडीवरून डोकं वर काढून पाहिलं. राखाडी, एकसारखी पसरलेली, देवळाच्या आवारासारखी नीटनेटकी खडी. "उत्तम आहे," मी भागीदारांना सांगितलं. नऊ हजार चौरस फूट छपराची परीक्षा मी मान उंच करून दहा सेकंदांत उरकली होती.

हे छप्पर कसं बांधलेलं असतं ते इथे सांगतो. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. आपल्याकडच्यासारखा काँक्रीटचा स्लॅब इथे अशा दुकानांवर सहसा नसतो. लोखंडी तुळयांवर पन्हळी पोलादी पत्रा, पत्र्यावर उष्णतारोधक फळ्या, फळ्यांवर गरम डांबर आणि फेल्ट यांचे एकावर एक थर, बहुधा तीन ते पाच. सगळ्यात वर डांबराचा जाड थर ओततात आणि तो गरम असतानाच त्यात खडी टाकतात. शंभर चौरस फुटांना साधारण चारशे पौंड. आमच्या छपराचा हिशेब केला तर सोळा टनांच्या वर खडी होते. ती शोभेसाठी नसते. डांबराला ऊन लागलं की ते वाळतं, तडकतं. खडी त्याला सावली देते, गारांचा मार स्वतःवर घेते, ठिणग्या अडवते. थोडक्यात, खडी हीच त्या छपराची कातडी. आणि कातडीसारखीच ती आत चाललेलं सगळं झाकून ठेवते.

माझ्या डोक्यात मात्र वडिलांचा कोबा होता. वडील सांगलीत छोटे कंत्राटदार. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्याला उतार, कठड्यापाशी गोल वाटा, वरून घोटलेलं सिमेंट. कोबा गळला तर खाली छताला ओलीचा डाग पडायचा, वडील त्याच्या बरोबर वर जाऊन टिचकी मारायचे आणि पोकळ आवाज आला की तिथेच फोडायचे. ते मी लहानपणापासून पाहिलेलं. म्हणजे गळती शोधायची रीत मला पाठ होती: जिथे ठिबकतं, त्याच्या वर.

पहिल्या शरद ऋतूत काकूंचा फोन आला. साड्या टांगायच्या रॅकच्या वर छताच्या पांढऱ्या टाइलला चहाच्या रंगाचा डाग पडला होता. मी पुढच्या भिंतीपासून पावलं मोजली, बाजूच्या भिंतीपासून मोजली, वर जाऊन तेवढीच मोजली, आणि जिथे पाय थांबले तिथे थेट खडीवर डबा उपडा केला. डब्यावर लिहिलं होतं की ओल्या पृष्ठभागावरही चालतो. थापीने पसरला. काळ्या डांबरात बुडालेली खडी शेंगदाण्याच्या चिक्कीसारखी दिसत होती. खाली येऊन काकूंना म्हणालो, "झालं. आता दहा वर्षं बघायला नको."

काकू म्हणाल्या, "बरं झालं हो भाऊ. चहा घेऊन जा."

चिक्कीच्या खाली काय झालं असेल, हे आज कुणीही सांगेल. लेप खडीला चिकटला, खडीखालच्या फेल्टला नाही. खड्यांच्या मधल्या फटींतून पाणी खुशाल वाहत राहिलं. मुळात त्या जागी छप्पर फाटलेलंच नव्हतं, हे तर वेगळंच.

दुसऱ्या वर्षी मी सुधारलो. म्हणजे माझ्या मते. कुठेतरी वाचलं की डागडुजीआधी खडी काढावी लागते. एका तळपत्या रविवारी दुपारी चौकोनी फावडं घेऊन गेलो. हे काम थंडीच्या सकाळी करतात, डांबर कडक असताना, कारण मग खडी खरवडली की टचकन सुटते. उन्हात तेच डांबर मऊ होतं. खडी लोण्यात रुतल्यासारखी, माझे बूट रुतलेले, आणि जोर लावून फावडं मारलं की खडीबरोबर फेल्टचा पापुद्राही निघायचा. जिथे एकही भोक नव्हतं तिथे त्या दुपारी मी तीन पाडली आणि घाईघाईने बुजवली. सुटलेली खडी झाडूने लोटत एका कडेला नेली. त्या कडेला पाणी जायचं भोक होतं, त्यावरची जाळी कधीच मोडलेली. मी किती खडी त्या नळात लोटली ते देवच जाणे. मोकळं केलेलं छप्पर मी तसंच उन्हात उघडं टाकून दिलं. काळं, गुळगुळीत, छान दिसत होतं.

आता मुख्य गोष्ट. ही सांगताना अजून मान खाली जाते.

जून २०१५. डाग आता दोन झाले होते. एक रॅकवर, दुसरा एसीच्या जाळीशेजारी. मी दोन्ही डाग एकाच गळतीचे धरून चाललो होतो. वर गेलो. काकूंच्या गाळ्याचा एसी छपरावरच एका चौकटीवर बसवलेला होता. त्याच्या बुडाजवळून प्लास्टिकचा एक पाइप बाहेर यायचा, इंग्रजी यू अक्षरासारखा खाली वळून परत वर जायचा आणि मग छपरावर पाणी सोडायचा. एसीच्या चौकटीभोवती लेप लावायला तो वळसा आडवा येत होता. मी मनात म्हटलं, कुठल्या शहाण्याने पाण्याला एवढा हेलपाटा घातलाय? करवत आणली, वळसा कापून टाकला, सरळ तुकडा जोडला. पाण्याला सरळ वाट. एसी बंद करूनच काम केलं होतं. कापताच पाइपमधून भळकन पाणी आलं. बघा, किती तुंबलं होतं, म्हणून मी खूश.

तो वळसा तिथे असण्याला कारण होतं. अशा यंत्रात पंखा हवा आत खेचत असतो. वळशात साठलेलं पाणी बुचासारखं काम करतं आणि पाइपातून हवा आत येऊ देत नाही. वळसा काढला की पंखा पाइपातूनच हवा ओढतो, त्या हवेच्या जोराने ट्रेमधलं पाणी बाहेर जाऊ शकत नाही, ट्रे भरतो आणि कडेवरून आतल्या आत उतू जातो. पंखा थांबला की साठलेलं सगळं एकदम सुटतं. म्हणून मी दर वेळी एसी बंद करून बघायला गेलो की पाइपातून झकास धार लागलेली दिसायची. निचरा उत्तम, असं मी भागीदारांना कळवायचो.

जुलैमध्ये एका गिऱ्हाइकाची पैठणी फॉल लावायला आली होती. लग्नाची. पंधरा दिवस पावसाचा टिपूस नव्हता, उकाडा मी म्हणत होता. रात्रभर एसी चालू राहिला. सकाळी काकूंनी दुकान उघडलं तर छताची भिजलेली टाइल लगदा होऊन टेबलावर पडलेली, आणि घडी घातलेल्या पैठणीच्या पदरावर गंजाचं तांबडं पाणी.

त्यांनी मला बोलावलं. रडत नव्हत्या, पण आवाज बसला होता. "भाऊ, हे बघा काय झालं. आता मी त्या पोरीला काय सांगू?"

मी वर पाहिलं, बाहेरच्या कोरड्या उन्हाकडे पाहिलं आणि वकिलासारखा बोललो. "काकू, पाऊसच नाही तर छप्पर गळेल कसं? हे तुमच्या एसीचं पाणी आहे. आणि लीजमध्ये लिहिलंय, एसीची देखभाल भाडेकरूकडे."

एसीचंच पाणी होतं. मी खोटं बोललो नव्हतो. म्हणून तर ते जास्त टोचतं. काकूंनी एसीवाला बोलावला, त्याने ट्रे पुसला, पावती फाडली, गेला. पैठणीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी द्यावं लागलं असतं, एवढा हिशेब माझ्या डोक्यात तेव्हाही पक्का होता.

पुढच्या दोन वर्षांत मी छपरावर आणखी नऊ डबे ओतले. वर बागेचा पाइप नेऊन सगळीकडे एकदम पाणी मारून बघितलं. अर्थात खाली ठिबकलं, आणि अर्थात कुठून ते कळलं नाही. सगळी जत्रा एकदम सोडल्यावर खिसा कुणी मारला ते कसं कळणार? एकदा रुपेरी रंग आणून खडीवरच फासला. तो प्रकार वर्णन करण्याच्या लायकीचा नाही.

शेवटी भागीदारांनी माझी इंजिनिअरची पदवी काढून घेतली. एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी एक जुना रूफर बोलावला. मूळचा पोर्तुगालचा, नेवार्कला वाढलेला, साठी ओलांडलेला. मी शिडी लावून तयार होतो. त्याने शिडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो दुकानात शिरला, खुर्चीवर चढून टाइल बाजूला केली आणि बॅटरीच्या उजेडात बराच वेळ वरचा पत्रा बघत राहिला. मग उतरून त्याने मला एकच प्रश्न विचारला.

"कधी गळतं?"

"पावसात," मी म्हणालो.

"कुठल्या पावसात? लगेच की दुसऱ्या दिवशी? वारा कुठला? पाऊस नसताना गळतं का?"

चार वर्षं मी कुठे गळतं एवढंच विचारत होतो. कधी, हे मला माहीतच नव्हतं. मी गप्प उभा. काकूंना इंग्रजी कामापुरतं येतं, पण प्रश्न त्यांना कळला. त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि कापडाच्या गठ्ठ्याखालून मागच्या तीन वर्षांची आणखी तीन काढली.

कालनिर्णयाच्या चौकटीत दुधाचे खाडे, गॅसची तारीख, बाईची सुट्टी लिहायची सवय आपल्याकडे घरोघर. काकूंनी गळती लिहिली होती. पेन्सिलीने, बारीक अक्षरात, एकादशी आणि चतुर्थीच्या मधल्या जागेत. जुनी कालनिर्णयं त्यांनी ठेवली होती ती कटिंगसाठी. कागद बरा असतो म्हणून त्यावर ब्लाउजचं माप काढून ठेवायच्या. त्यामुळे २०१४ चा ऑगस्ट बाहीच्या आकारात गेलेला होता आणि एका नोव्हेंबरला मागचा गळा होता. पण बाकीचं सगळं जागेवर.

काकू वाचत होत्या, मी म्हाताऱ्याला भाषांतर करून सांगत होतो.

"पाऊस. काच भिजली. रॅकवर गळलं."

"पाऊस खूप. काच कोरडी. नाही गळलं."

"काच भिजली. गळलं."

काच म्हणजे दुकानाचा पुढचा दरवाजा. तो पूर्वेला. ज्या पावसात काच भिजायची त्या दिवशी आतलं पायपुसणं बदलावं लागायचं, म्हणून त्यांच्या लक्षात राहायचं. म्हाताऱ्याने बोटाने हवेत रेघ ओढली. न्यू जर्सीत हिवाळ्याच्या मागेपुढे समुद्राकडून ईशान्येचा वारा घेऊन येणारी वादळं असतात. तो पाऊस आडवा येतो. सरळ पडणाऱ्या कितीही मोठ्या पावसाने जिथे गळत नाही आणि आडव्या पावसाने गळतं, तिथे छप्पर नाही, भिंत बघायची. पूर्वेचा विटांचा कठडा.

मग काकूंनी २०१५ चा जून उघडला. मी भाषांतर करता करता थांबलो.

रविवारच्या चौकटीत लिहिलं होतं, "भाऊ वर गेले." त्यानंतर चौथ्या दिवशी, "ऊन. एसीपाशी गळलं." मग पुढे "ऊन. गळलं." "ऊन. गळलं." पावसाचा महिना नव्हे, गळतीचा महिना. त्याआधीच्या एकाही पानावर उन्हात गळल्याची नोंद नव्हती.

"काय म्हणतात त्या?" म्हाताऱ्याने विचारलं.

मी सांगितलं. तो मला घेऊन वर गेला, पाइपाचा सरळ तुकडा बघितला आणि म्हणाला, "हा कुणी कापला?" मी म्हणालो, "मी." तो हसला नाही, रागावलाही नाही. ट्रकमधून एक नवा वळसा आणला आणि पंधरा मिनिटांत बसवला. बारा डॉलरचा माल.

त्याच कालनिर्णयात ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये आणखी तीन नोंदी होत्या, गळतीशी संबंध नसलेल्या. "साडीचे १५० दिले." तीनदा. त्या काकूंनी वाचून दाखवल्या नाहीत. मीच पाहिल्या.

कठड्याची परीक्षा त्याने ज्या तऱ्हेने घेतली ती बघण्यासारखी होती. काकूंना खाली रॅकपाशी खुर्ची देऊन बसवलं, हातात फोन. वर आधी छपराच्या सपाट भागावर, कठड्यापासून लांब, अर्धा तास नुसतं पाणी सोडलं. फोन गप्प. मग कठड्याच्या पायथ्याशी, जिथे फेल्ट भिंतीवर चढवलेलं असतं. आपल्या वाट्यासारखीच तिथे तिरपी पाचर असते, मला ओळखीचं काहीतरी दिसल्याचं उगाच बरं वाटलं. वीस मिनिटं. फोन गप्प. मग त्याने पाणी कठड्याच्या माथ्यावरच्या दगडी लाद्यांवर सोडलं, त्यांच्या सांध्यांवर. खालून वर, एका वेळी एकच जागा, हा त्याचा नियम. बाराव्या मिनिटाला काकूंचा आवाज आला, "आलं हो भाऊ, आलं!" जणू पाहुणेच आले.

लाद्यांच्या सांध्यांतला चुना-सिमेंट केव्हाच झडून गेला होता. पाणी विटांच्या पोटात शिरायचं, छपराच्या थरांच्या मागून खाली पोलादी पत्र्यावर उतरायचं आणि पत्र्याच्या पन्हळीतून नाल्यासारखं वाहत, जिथे दोन पत्र्यांचा जोड येईल तिथे खाली पडायचं. कठड्यापासून रॅक बावीस फुटांवर होता. मी चार वर्षं त्या बावीस फुटांच्या चुकीच्या टोकावर डबे ओतत होतो. कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण माणसांबद्दल म्हणतो. इथे ते खरोखरच मुरत होतं आणि मी माणसावर संशय घेऊन बसलो होतो.

मग कापून बघायचं ठरलं, जे २०१३ मध्येच करायला हवं होतं. म्हाताऱ्याने तळहाताएवढा चौकोन खडी बाजूला करून कापला. फेल्टचे चार थर पत्त्यांसारखे मोजता आले, ते बऱ्या स्थितीत होते. खालची फळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. बोट घातलं तर पाणी वर आलं, कुबट वास. अशा सात जागा कापल्या, तीन ओल्या निघाल्या. दोन कठड्यालगत. तिसरी जिथे मी फावडं मारलं होतं तिथे. पाणी जायचं भोक खडीने अर्धं बुजलेलं होतं, म्हणून त्या भागात पावसानंतर दोन-दोन दिवस तळं साचायचं. एक इंच पाणी म्हणजे चौरस फुटाला पाच पौंडांच्या वर वजन. मी तिथे गेलो असताना कधी कधी आभाळाचं छान प्रतिबिंब पडलेलं असायचं आणि मी फोटो काढायचो. ते फोटो अजून आहेत.

जुन्या छपरात ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून नमुने प्रयोगशाळेत गेले. कठड्याच्या पायथ्याच्या काळ्या लेपात निघालं. तो लेप मी दोन उन्हाळे तोंडाला साधं फडकंही न बांधता खरवडला होता. यावर म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहून फक्त शीळ घातली.

आठवी जागा कापायची राहिली ती वेगळ्या कारणाने. पश्चिमेच्या अंगाला म्हातारा एकदम हात आडवा करून थांबला. माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर खडीत चार अंडी होती. खडीच्याच रंगाची, काळे ठिपके असलेली. वीस फुटांवर एक पक्षी पंख मोडल्याचं नाटक करत फरफटत चालला होता, आम्हाला लांब न्यायला. गळ्यात दोन काळे पट्टे. किलडीअर, आपल्या टिटवीच्या दूरच्या नात्यातला. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली अंडी असलेल्या अशा घरट्याला हात लावता येत नाही. पिल्लं निघायला साधारण पावणेचार आठवडे. तेवढ्या भागाचं काम थांबलं.

काकूंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, असं आमच्याकडे म्हणतात. ही तर पार छपरावर बसलीय. यंदा काही खरं नाही भाऊ." मग थांबून म्हणाल्या, "तिला शिवू नका मात्र."

आधीच्या तीन उन्हाळ्यांत माझ्या फावड्यापुढे कुणाचं घरटं आलं असेल का, हा प्रश्न मला रात्री पडला. मी खाली वाकून कधी पाहिलंच नव्हतं. मे महिन्याच्या मध्यावर पिल्लं निघाली आणि एका सकाळी मागच्या कडेवरून कापसाच्या बोळ्यांसारखी एकेक खाली उडी टाकून, गाड्यांच्या मधून आईमागे पळाली.

कठड्याच्या लाद्या काढून खाली नवा पडदा घातला, वरून पत्र्याची टोपी बसवली, ओल्या फळ्या बदलल्या. पुढच्या वर्षी भागीदारांनी सगळंच छप्पर उतरवून पांढरा एकसंध पडदा टाकायचं ठरवलं. मी विरोध केला नाही, माझं मत कुणी विचारलंही नाही. खडीची बाजू घेणारा म्हातारा एकटाच होता. चांगल्या निगेत ते छप्पर आणखी दहा वर्षं गेलं असतं असं तो म्हणाला. खडीचे तोटेही त्याला ठाऊक होते. १९८३ साली अलिशिया वादळात ह्यूस्टनच्या छपरांवरची खडी उडून उंच इमारतींच्या काचा फुटल्या होत्या, तेव्हापासून वादळी भागांत या छपरांवर बंधनं येत गेली. एका जाडजूड नळीने आमची सोळा टन खडी दोन दिवसांत ट्रकमध्ये शोषून घेतली. आता वर भोक पडलं तर दिसतं. किलडीअर मात्र परत आली नाही, पांढऱ्या कापडावर ती कशाला अंडी घालेल.

साडीचे पैसे. २०१७ च्या एप्रिलमध्ये मी त्या तीन नोंदी पाहिल्या आणि त्यानंतरही महिनाभर गप्प राहिलो. विषय कसा काढायचा ते सुचत नव्हतं, हे निमित्त. शेवटी मेच्या अखेरीला साडेचारशे डॉलरचा चेक लिहून दुकानात गेलो. एसीवाल्याच्या पावतीचे पैसेही त्यात धरायला हवे होते, हे दारात पोचल्यावर आठवलं. म्हणून वरचे रोख दिले. काय बोललो ते धड आठवत नाही. "तो पाइप मीच कापला होता काकू," एवढं नक्की बोललो.

काकू मशीनवर होत्या. त्यांनी पायडलवरचा पाय उचलला, चेक उलटसुलट करून पाहिला, नोटा मोजल्या आणि ड्रॉवरमध्ये ठेवल्या. "मला तेव्हाच वाटलं होतं," म्हणाल्या. "पण तुम्ही इंजिनिअर. मी काय बोलणार?" मग उठून भिंतीपाशी गेल्या, कानावरची पेन्सिल काढली आणि त्या दिवसाच्या चौकटीत लिहिलं. मी मागून वाचलं.

"साडीचे आले. पाऊस नाही."